थेट ड्रममध्ये टाकायची गोळी

कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं की लोक मोटरला शिव्या घालतात, विजेला घालतात, ज्यानं ते विकलं त्या दुकानदाराला घालतात. साबणाला कोणी बोल लावत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी उभा जन्म मशीनं बसवली आणि दुरुस्त केली. माझ्याकडे आलेल्या मशीनांपैकी निम्मी तरी साबणानं मारलेली होती, हे मी कुठल्याही चावडीवर सांगायला तयार आहे.

आपल्याकडे फेस म्हणजे स्वच्छता. नदीवरच्या दगडावर धुणं आपटत होतो तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलं आहे. मशीनचं गणित उलटं असतं. ड्रम कपड्याला कपड्यावर आपटतो, त्या आपटण्यानं मळ सुटतो. फेस जास्त झाला तर तो कपड्यांच्या मध्ये गादीसारखा बसतो, मग आपटणंच होत नाही. पाणी बाहेर जायला लागलं की फेस पंपात अडकतो आणि मशीन दिवे लुकलुकवून ओरडायला लागतं. म्हणून मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची केलेली असते. हे मी वाशिंदच्या एका नव्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांना तीन वेळा समजावलं. ते दर वेळी मान डोलवायचे आणि मी जिना उतरलो की काचेतून फेस दिसत नाही म्हणून हाताच्या धुण्याची पावडर आणखी ओतायचे. शेवटी फेस हॉलमध्ये सोफ्याखाली शिरला तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं, कंपनीचा माल खराब आहे का.

भातसानगरच्या क्वार्टरमधल्या एक बाई साबणाची वडी खोबऱ्याच्या किसणीवर किसून ड्रममध्ये टाकायच्या. मुरबाडच्या एका घरात बाळंतिणीचे आणि बाळाचे कपडे रिठ्यानं धुवायची चाल होती. त्यांनी रिठे फोडून सुटेच ड्रममध्ये टाकले. रिठ्याच्या काळ्या बिया मी त्यांच्या पंपातून चिमट्यानं उपसून काढल्या तेव्हा घरातल्या सगळ्या पोरी त्या गोट्यांसारख्या खेळायला घेऊन गेल्या. रिठा वाईट नाही, कापडी पुरचुंडीत बांधून टाका म्हणालो, ते मशीन अजून चालू आहे.

साबण कुठे टाकायचा, हा तर दर घरी होणारा प्रश्न. पावडर मशीनच्या खणात टाकायची की थेट ड्रममध्ये, कपड्यांच्या आधी की वर, कोरडी की भिजवून. बोअरचं पाणी जड असेल तर पावडर नीट विरघळत नाही, काळ्या कपड्यांवर पांढऱ्या रेघा राहतात, तिथे मी पातळ साबण सांगतो. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलाचे कपडे असतील तर पातळ साबण उपयोगाचा नाही, पावडरच हवी. एवढं साधं आहे. पण गेल्या काही वर्षांत एक नवा प्रकार आला आणि मी घाबरायला शिकलो. त्याला कोणी कॅप्सूल म्हणतं, कोणी पॉड म्हणतं, आमच्याकडे सरळ गोळी म्हणतात.

ही गोळी लिंबाएवढी, मऊ, चकचकीत. आत दोन किंवा तीन रंगांचा घट्ट साबण, निळा, हिरवा, पांढरा, आणि बाहेरून पातळ पापुद्रा. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो, म्हणून गोळीला ओला हात लावायचा नाही. कोरड्या हातानं उचलायची, रिकाम्या ड्रमच्या तळाशी टाकायची आणि मग वर कपडे घालायचे. खणात टाकली तर तिथेच चिकटून बसते. मापाची कटकट नाही, सांडणं नाही. शहरातल्या माणसानं शहरातल्या माणसासाठी डोकं लढवून काढलेली वस्तू आहे. फक्त साबणाला मिठाईसारखं दिसायची हौस का व्हावी, हे मला अजून कळलेलं नाही.

वैशाखरे गावातला तो दसरा सांगायचा म्हणून ही प्रस्तावना.

दसऱ्याला आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. लोक मुहूर्तावर मशीन घेतात आणि मुहूर्तावरच ते सुरू झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट असतो. मुरबाडच्या ज्या दुकानाची कामं मी करायचो त्यांनी त्या दिवशी वैशाखऱ्यातलं एक घर माझ्याकडे दिलं होतं. माळशेजच्या रस्त्याला लागून आत वळलं की घर. टेम्पोनं सकाळीच मशीन उतरवून दिलं होतं. मी मोटरसायकलनं पोचलो तेव्हा अंगण सारवून झालं होतं, दाराला झेंडूचं तोरण होतं आणि मागच्या पडवीत, मोरीच्या शेजारी, मशीन नव्या नवरीसारखं कोपऱ्यात उभं होतं.

घरात चार माणसं. आप्पा म्हणजे घरातले म्हातारे, जाड भिंगाचा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलेलं. त्यांची बायको भीमाबाई. मुलगा जनार्दन, मुरबाडच्या कारखान्यात कामाला, त्याला सगळे जना म्हणत. आणि त्याची बायको कविता. मशीन कवितासाठी घेतलं होतं. आदल्या वर्षी ती नदीच्या दगडावर घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं आणि जुळताना वाकडं जुळलं होतं. तिला चादर पिळता येत नव्हती. हे मला तिनंच सांगितलं, हात पुढे करून, एखादा नट दाखवावा तसं.

मी पाइप जोडायला घेतला तर आप्पांनी काठी आडवी घातली.

"आधी पूजा. मग तुमचा काय त्यो डेमो."

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते हे कोणाला सांगायला नको. त्या घरी विळे, कोयते, नांगराचा फाळ, जनाची मोटरसायकल अशी सगळी रांग होती आणि रांगेच्या शेवटी मशीन. त्यांच्याकडची एक रीत मात्र मी दुसरीकडे कमी पाहिली. ज्या हत्याराचं जे काम, त्या कामाची वस्तू त्याच्यापुढे ताटात ठेवायची. विळ्यापुढे नव्या भाताची लोंबी. फाळापुढे शेतातलं ढेकूळ. मशीनसोबत गोळ्यांचं एक पाकीट फुकट आलं होतं, ते मी नुकतंच कविताला दाखवलं होतं, ही अशी थेट ड्रममध्ये टाकायची म्हणून. तिनं रीतीप्रमाणे एक गोळी मशीनपुढच्या ताटात ठेवली. त्याच ताटात खोबरं होतं, पेढे होते आणि मुरबाडहून आणलेली रंगीत मिठाई होती, हिरवी, पांढरी, मऊ.

आप्पांनी स्वतः हळद-कुंकू वाहिलं. मशीनच्या झाकणावर बोटानं स्वस्तिक काढलं. दिसत नव्हतं तरी रेघ सरळ आली. मग ते बाहेर अंगणात खुर्चीवर जाऊन बसले आणि मी मागे टाकीच्या नळाला आटे पाडायला गेलो. भीमाबाई ताट घेऊन प्रसाद वाटत फिरल्या. मला पेढा मिळाला. तो तोंडात टाकला आणि पाना हातात घेतला, एवढ्यात अंगणातून खोकला ऐकू आला.

साधा ठसका नव्हता तो. मी पाना टाकून पुढे गेलो. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि ओठांच्या कडेनं निळसर फेस येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गिळण्यासाठी त्यांचा गळा वरखाली होत होता. भीमाबाई ताट धरून समोर उभ्या होत्या. मी ताटात पाहिलं. गोळी नव्हती.

"थुका, आप्पा," मी म्हणालो. "थुकून टाका."

त्यांनी मान हलवली. नाही.

त्यांना ती कडू लागली होती, तोंड जळत होतं, तरी ते गिळत होते. कारण तो प्रसाद होता. प्रसाद थुकायचा नसतो हे त्यांना लहानपणापासून कोणीतरी शिकवलं होतं आणि ते मोडायला ते तयार नव्हते. मी हजार प्रकारची गिऱ्हाइकं पाहिली, पण डोळ्यांदेखत माणूस साबण गिळतोय आणि त्याच्या चांगुलपणापायी गिळतोय, असं कधी पाहिलं नव्हतं.

"आप्पा, तो प्रसाद नाही. तो साबण आहे, मशीनचा."

ते पुन्हा मान हलवायला लागले तेव्हा कविता धावत आली. ती त्यांच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं आपला वाकडा हात त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"आप्पा, माझ्या हातावर थुका. जमिनीवर नाय पडाचा. माझ्या हातावर."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. फाटलेला पापुद्रा, फेस आणि थोडं रक्त तिच्या ओंजळीत पडलं. मी ओल्या फडक्यानं त्यांची जीभ, हिरड्या, ओठ पुसले. पाण्याची चूळ भरायला लावली. अर्धी गोळी तरी पोटात गेलेली होती.

तोपर्यंत शेजारपाजार जमा झाला. आणि मग जे होणार होतं ते सुरू झालं. एक शेजारी ओरडला, "मिठाचा पाणी पाजा, ओकू द्या." गावात कोणीतरी फवारणीचं औषध प्यायलं होतं तेव्हा असंच करून वाचवलं होतं म्हणे. जना आत पळाला आणि तांब्या भरून मिठाचं पाणी घेऊन आला. मी त्याच्या तांब्यावर हात ठेवला.

"ओकवू नका जना."

"सोडा काका."

"आतला साबण परत वर आला तर फेस होईल. फेस छातीत जाईल. जळजळही दुसऱ्यांदा होईल."

"तुमी डाक्टर हाव काय?"

"नाही."

"मग सोडा."

त्याचे डोळे लाल झाले होते. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरणा, आणि त्याच्या बापाच्या तोंडाला फेस होता. त्यानं मला ढकललं असतं तर मी पडलो असतो आणि त्याला कोणी नावं ठेवली नसती. मी हात काढला नाही. खरं सांगतो, मलाही खात्री नव्हती. मला गिऱ्हाइकांनी फेकून दिलेली माहितीपत्रकं आणि पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे, एवढीच माझी विद्या. पाकिटावर वाचलेलं मला आठवत होतं, पण बाप त्याचा होता, आणि मी चुकलो तर वैशाखऱ्याच्या अंगणात माझ्या शब्दावर एक माणूस मरणार होता. त्या क्षणी मी पाना घेऊन घरी पळालो असतो तर बरं झालं असतं असंही मनात येऊन गेलं.

"पाकीट आण," मी कविताला म्हणालो. "मागे छापलेलं वाच. मोठ्यानं."

तिनं हात लुगड्याला पुसला आणि पाकीट उजेडात धरलं. अक्षरं मुंगीएवढी आणि हिंदीत होती. ती अडखळत वाचत होती. मुलांपासून दूर ठेवा. डोळ्यांत गेल्यास धुवा. मग थांबली.

"गिळला तर उलटी करवू नका, असा लिवलाय," ती म्हणाली. "ताबडतोब डाक्टरकडं न्या."

जनानं पाकीट तिच्या हातातून ओढलं, स्वतः पाहिलं, आणि तांब्या तसाच जमिनीवर आपटला. सगळं पाणी मातीत गेलं. मग तो जीप आणायला पळाला.

जीप त्याच्या मित्राची होती, बॉनेटवर झेंडूचा हार आणि दोन केळीचे खुंट बांधलेले. जना पुढे मित्राशेजारी, मागे आम्ही बसलो. आप्पा मध्ये, पुढे वाकवून बसवलेले, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भीमाबाई. समोरच्या बाकावर कविता, मांडीवर ते पाकीट. त्यांना आडवं करू नका, असं मी सांगितलं, कारण छातीत घरघर सुरू झाली होती. टोकावड्याच्या अलीकडे रस्ता अडला होता. सजवलेले ट्रॅक्टर, पताका, गुलाल, कोणाच्या तरी नव्या गाडीपुढे नारळ फुटत होते. मित्र हॉर्नवरून हात काढत नव्हता. लोक वळून बघत, हसत, त्यांना वाटत होतं आम्हीही मुहूर्तावर कुठे निघालोय. एकानं जनाच्या हातात सोनं म्हणून आपट्याची पानं कोंबली.

आप्पा झोपेला लागल्यासारखे झाले. मान लोंबली की मी ती वर करायचो, नाव घ्यायचो, ते डोळे उघडायचे. एकदा खोकल्यातून बराच फेस आला आणि श्वास आत घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला. जनानं मागे वळून पाहिलं.

"ओकू दिला असता तर भायेर पडला असता सगळा," तो म्हणाला. "त्याला काय झाला ना काका, तर तुमाला मी सोडनार नाय."

मी आप्पांची मान पुन्हा वर धरली. तो खोटं बोलत होता असं नव्हतं.

मग तो कविताकडे वळला. "ताटात ठेवाची काय गरज होती तुला? अक्कल नाय?"

कविता पाकिटाकडे बघत राहिली. भीमाबाई तिच्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी सुनेची बाजू घेतली नाही की मुलाचीही घेतली नाही. त्या स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होत्या. मधेच त्यांनी तो हात पदराखाली घेतला.

मुरबाडच्या दवाखान्यात सणाची सुट्टी असूनही एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पहिल्यांदा छातीला यंत्र लावलं, मग घसा पाहिला, मग विचारलं, काय घेतलंय. कवितानं पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटंपालटं करून वाचलं.

"उलटी करवलीत का?"

मी म्हणालो, नाही.

"आपोआप झाली?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, पण चांगलं की वाईट ते सांगितलं नाही. सलाइनची नळी लावली, ऑक्सिजन लावला, फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलल्या आणि म्हणाल्या, साबण थोडा छातीत गेलेला दिसतोय, सूज वाढली तर इथे सोय नाही, कल्याणला न्या, अँब्युलन्स देते. "वाचतील ना?" जनानं विचारलं. "आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. अशा वेळी खोटा धीर न देणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

अँब्युलन्समध्ये दोघांनाच जागा होती. जना आणि कविता गेले. भीमाबाईंना मी दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मऊ लागली हाताला. म्हनलं नव्या तऱ्हेची मिठाई. त्याच्या दातांना मऊ बरी म्हनून त्याला दिली. निवडून दिली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. चाळीस-पन्नास वर्षं त्या माणसाला कोणता घास मऊ, कोणता कडक हे बघून देणारी बाई. ताटातली सगळ्यात मऊ वस्तू तिनं नवऱ्यासाठी काढून ठेवली होती. मी तिच्या वाटचा चहा प्यायलो, गार झालेला.

पुढचे कितीतरी दिवस मी फोन वाजला की दचकायचो. कामाला जायचो, मशीन उघडायचो, आणि लक्ष खिशातल्या फोनकडे. जनाला फोन करायची माझी हिंमत नव्हती. दुकानात विचारायचो, वैशाखऱ्याची काही खबर? दुकानदार म्हणायचा, अजून आयसीयूत आहेत. एकदा म्हणाला, घशात नळी घातलीय. मग बरेच दिवस काही नाही. त्या काळात मी दर डेमोला घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचो, म्हातारं माणूस असेल तर त्याच्या हातात गोळी द्यायचो, वास घ्यायला लावायचो, आणि हे खायचं नाही असं तीनदा वदवून घ्यायचो. लोक हसायचे. एक तरुण मुलगी म्हणाली, काका, आम्ही काय अडाणी आहोत? मी म्हणालो, नाही, तुमच्याकडे दसरा होतो ना?

दिवाळी उलटल्यावर जनाचा फोन आला. आप्पा घरी आलेत, एवढंच आधी म्हणाला. मग म्हणाला, "काका, मशीन घेऊन जा. आईला ती डोळ्यापुढं नको."

दुकानाचा टेम्पो घेऊन मी गेलो. मशीन पडवीतून काढून गोठ्यात ठेवलं होतं, खताच्या रिकाम्या गोण्या घातलेल्या, एकदाही न चालवलेलं. कविता बोअरच्या कट्ट्यावर धुणं धूत होती. चादर पिळता येत नाही म्हणून तिनं तिचं एक टोक खांबाला बांधलं होतं आणि दुसरं डाव्या हातानं पिरगळत होती. मला पाहून तिनं फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला. टेम्पोच्या ड्रायव्हरनं आणि जनानं मशीन उचललं आणि अंगणात आणलं.

आप्पा खुर्चीवर होते. अंग निम्मं झालेलं, आणि आवाज असा की कोणीतरी सूप घासतंय. घसा आता असाच राहणार होता.

"काय चालल्याय?" त्यांनी विचारलं.

"मशीन परत देतोय आप्पा," जना म्हणाला.

"पूजा कोनी केली तिची?"

जनानं हातातलं मशीन जमिनीवर टेकवलं.

"मी केली. दसऱ्याला पूजा केलेली वस्तू घरातून काढतोस? उद्या कोयता काढशील, परवा नांगर काढशील." एवढं बोलून त्यांना खोकला आला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. खोकला थांबला. "जिथं होती तिथं ठेव," ते म्हणाले. "पोरीच्या हातानं चादर पिळत नाय, ते मला दिसत नाय, पन ऐकू येता."

मशीन पडवीत परत गेलं. मी नळाला पाइप जोडला, अर्धवट पाडलेले आटे पुरे केले. साबणाचा प्रश्न आला तेव्हा मात्र मी थांबलो. त्यांचं बोअरचं पाणी जड, तिथे माझ्या हिशेबानं पातळ साबणच योग्य. टेम्पोत माझ्याकडे त्याची बाटली होतीही, आत निळं, सरबतासारखं दिसणारं. मी ती बाहेर काढलीच नाही. गावातल्या दुकानातून मशीनची साधी पावडर आणायला लावली. पांढरी, खरखरीत, नाकाला झोंबणारी. कविताला सांगितलं, जड पाण्यात ही नीट विरघळत नाही, म्हणून आधी मगभर कोमट पाण्यात घोळवायची आणि मग रिकाम्या ड्रममध्ये ओतायची, वर कपडे. थोडी जास्त मेहनत आहे. कपड्यांवर कधी रेघ राहिली तर राहू दे. मी आयुष्यभर लोकांना योग्य साबण सांगत आलो, त्या घरी मी जाणूनबुजून कमी योग्य सांगितला. त्या घरात साबण साबणासारखा दिसायला हवा होता.

पहिली चादर धुऊन, पिळून बाहेर आली. कवितानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि एकटीनं दोरीवर टाकली. पहिलं धुणं झालं म्हणून काहीतरी गोड वाटायला हवं, हे तिला आठवलं. तिनं वाटीत गूळ आणला आणि सासूपुढे धरला, कारण त्या घरात वाटायचा मान सासूचा. भीमाबाई मागे सरल्या.

तेव्हा जनानं मला हळूच सांगितलं, आप्पा दवाखान्यातून आल्यापासून आई त्यांच्या हातात काही देत नाही. ताट पाटावर ठेवते आणि बाजूला होते. गोळ्या-औषधं कविताच देते. पाण्याचा तांब्यासुद्धा आई खाली ठेवते, हातात देत नाही.

"कोन वाटताय?" आप्पांनी विचारलं.

त्यांनी उजवा तळहात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"भीमे, दे की," ते म्हणाले. "हात दुखला माजा."

भीमाबाईंनी वाटीतून गुळाचा खडा काढला. तो पुढून पाहिला, मागून पाहिला, नाकाशी नेला, आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. आप्पांनी न चाचपता, न हुंगता तो सरळ तोंडात टाकला. ते चघळत होते आणि त्यांनी तो गिळेपर्यंत भीमाबाई त्यांच्या गळ्याकडे बघत उभ्या होत्या.